एरफुर्टला लिहिलेलं पत्र

श्यामकांत देवस्थळी माणूस सरळ, पण त्याला एक खोड होती. काम अडलं की थेट वरच्या साहेबाला गाठायचं. नाशिकला पाणी बंद झालं तेव्हा त्याने सरळ आयुक्तांना लिहिलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी माणूस दारात हजर. "वरून फोन आला की खालचे हलतात," हे त्याचं ब्रह्मवाक्य. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये एकोणीस वर्षं गिअरबॉक्स डिझाइन करूनही ते तसंच्या तसं शाबूत होतं.

एका बुधवारी कंपनीचं कुंडिगुंग, म्हणजे कामावरून काढल्याचं पत्र, आलं. नोकरी संपली, एवढंच. ऑफिसातला हरीश म्हणाला, "तीन आठवड्यांत कोर्टात जा. एक दिवस उशीर झाला तर तू कितीही खरा असलास तरी विषय संपला."

श्यामकांत घरी येऊन खिडकीशी बसला आणि त्याने इंजिनिअरच्या सवयीने या देशातली कोर्टं कागदावर काढली. नोकरीच्या तंट्यांची शिडीच वेगळी: खाली गावचं कोर्ट, मध्ये राज्याचं, फ्रँकफुर्टला, आणि सगळ्यात वर अख्ख्या देशाचं, एरफुर्टला. टॅक्सची शिडी निराळी, पेन्शन-विम्याची निराळी, सरकारशी भांडायची निराळी, आणि उरलेल्या सगळ्या चोऱ्या-भांडणांची आणखी एक. प्रत्येकीचं वरचं टोक वेगळ्याच गावात. बघता बघता त्याला त्या शिड्या समोरच्या छपरांवरून ढगात चढताना दिसू लागल्या. वर एक म्हाताऱ्या न्यायाधीशबाई चष्मा पुसत त्याचं पत्र वाचताहेत, मान हलवताहेत, फोन उचलताहेत.

मग काय, अकरा पानं लिहून स्वारीने ती एरफुर्टला धाडली आणि निवांत झाली. रोज दुपारी तो पार्कात तळ्याकाठी बसायचा. बदकं सावकाश जायची, आणि त्याच्या मनात त्या बाई सावकाश पान उलटायच्या. असे वीस दिवस गेले, बाबा!

"अहो, कोर्टाचं काही आलं का?" विसाव्या दिवशी जेवताना सुमेधाने नवऱ्याला विचारलं. त्याने पत्राची प्रत दाखवली. मुलगी उर्जा ती वाचता वाचता जेवायची थांबली.

"पापा, नाइन," ती नेहमीसारखी जर्मनमध्ये ‘नाही’ म्हणाली आणि मग चक्क मराठीत बोलू लागली. "वरचं कोर्ट फक्त खालच्या निकालात चूक झाली का ते बघतं. सुरुवात खालूनच होते. तिथून कोणी कोणाला फोन करत नाही. उद्या शेवटचा दिवस आहे."

 श्यामकांतला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी तो गावच्या कोर्टात पोचला. वकील नसलेल्यांची तक्रार लिहून घ्यायला तिथे एक खोली असते. टेबलामागे हिरव्या स्वेटरमधली एक बाई होती. त्याने अकरा पानं पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली, कुंडिगुंग कधी हातात पडलं ते विचारलं आणि कॅलेंडर पाहिलं.

"आज चालेल. तुम्हाला काय हवंय?"

तो पानं चाळू लागला. एकोणीस वर्षं, पेटंटं, चुकवलेली आईची शेवटची दिवाळी, सगळं होतं. हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मला कामावर परत जायचंय," तो हळूच म्हणाला.

तिने दोन-चार ओळी टाइप केल्या, वाचून दाखवल्या, सही घेतली आणि तारखेचा शिक्का मारला. काही आठवड्यांनी न्यायाधीश त्याला आणि कंपनीला समोरासमोर बसवून समेट होतोय का ते बघतील, नाही झाला तर खटला चालेल, असं तिने सांगितलं.

श्यामकांत उठेना.

"न्यायाधीशांच्या कानावर घालायला," त्याने चाचरत विचारलं, "मी कोणाला भेटू?"

बाईला प्रश्न कळायला क्षणभर लागला.

"कोणालाच नाही," ती म्हणाली. "तुम्ही या फक्त. ते ऐकतील."

त्याला रडू आलं. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि त्याचं आवरेपर्यंत पुढच्या माणसाला आत बोलावलं नाही.