कोऱ्या काचेतले आकडे

बाळासोंचं दुकान पापाच्या तिकटीजवळ एका जिन्याखाली आहे. दुकान म्हणायचं ते आपलं बाळासोंचं मन राखायला; एक गिऱ्हाईक उभं राहिलं की दुकान भरतं. पण तिथं हुपरीच्या चांदीवाल्यांचे वजनकाटे येतात, गुळाच्या पेढ्यांवरचे कॅल्क्युलेटर येतात, निवृत्त मास्तरांची डिजिटल घड्याळं येतात. ज्या काचेवर काळे आकडे उमटायचे थांबले, ती काच बाळासोंकडे. बाळासोंचं उत्तर ठरलेलं, "उद्या या, पावणं." हा उद्या कुठल्या पंचांगात सापडत नसे. एक अडते तर वाट बघून बघून तोंडी हिशेबात तरबेज झाले आणि कॅल्क्युलेटर न्यायला आलेच नाहीत.

उशीर का म्हणून कुणी खनपटीला बसलंच, तर बाळासो हातातलं काम ठेवून शिकवणी घ्यायचे.

"ह्या दोन काचांच्या मधी तेलागत पातळ थर हाय बघा. त्यातलं कण म्हंजे लेझमाच्या पथकातली पोरं. एक रांग जरा वळलेली, तिच्या मागची आणखी जरा. जिन्यागत. उजेड त्या जिन्यावरनं वळत वळत जातोय. आता वीज म्हंजे हलगी. हलगी वाजली की पोरं ताठ! जिना मोडला, उजेड अडला, तिथं काळा आकडा."

"मग माझ्या काट्यात पोरं मेली काय?"

"पोरं झ्याक हायत. वरची फिल्म खराब झालीया. ती नसंल तर पोरं वळली काय आन् ताठ झाली काय, आपल्या डोळ्याला समदं सारखंच. काच कोरी."

गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. काटा तिथंच राहायचा.

आता सुताराच्या घरचा पाट मोडकाच असायचा, तसं बाळासोंच्या कसबा बावड्यातल्या घरचं झालं. त्यांच्या मुलीनं, स्नेहलनं, आईला बीपीचं मशिन आणून दिलं होतं. बयाबाईंनी ते देवघरात नव्हे, पण त्याच्या शेजारच्याच फळीवर, गॅसच्या वरती मांडलं. रोज सकाळी चहाआधी नवऱ्याच्या दंडाला पट्टा. "घरधन्याचं आधी," हा नियम. मग स्वतःच्या.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांना दिसलं, मशिनच्या काचेवरचा प्लॅस्टिकचा कागद वाफेनं फुगलाय. नव्या वस्तूवरचा कागद पोरीनं काढायचाच राहिला, असं समजून त्यांनी तो नखानं सोलून टाकला, काच लख्ख पुसली. आकडे गेले.

"अवो, बघा की जरा. काय दिसंना झालंय."

बाळासोंनी एका नजरेत ओळखलं. दहा मिनिटांचं काम. "अगं, तू फिल्मच सोललीस की! वेष्टन म्हणून उद्या माझी कातडी सोलशील."

"कातडीखाली काय निघतंय ते तरी कळंल. कधी करताय?"

"उद्या."

बयाबाई थांबल्या नाहीत. रोज पट्टा बांधायच्या. मशिन फुसफुसायचं, शेवटी टुंई करायचं. "टुंई म्हणालं की ब्येस हाय," त्या सांगायच्या. कोऱ्या काचेवर त्यांनी ठेवला तसा विश्वास देवावरही कुणी ठेवला नसेल. बाळासो हसायचे.

माघात एका सकाळी बाळासो दुकानात असताना बयाबाई ओट्यापाशी कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डोक्यातली नस. डॉक्टरांनी साधंच विचारलं, "बीपी होतं ना? घरी मोजत होता का?"

"रोज मोजत हुती की."

"मग किती यायचं?"

चाळीस वर्षं आकडे उजेडात आणणाऱ्या माणसाला एक आकडा सांगता येईना.

तेरावं झालं. सगळी आवराआवर करताना स्नेहलनं मशिन उचललं. "आबा, हे कुणाला तरी देऊन टाकू?"

"ऱ्हाऊ दे. दुकानात न्हेतो."

नेलं. समोर ठेवलं. मशिनला आठवण असते, हे बाळासोंना चांगलं ठाऊक होतं. शेवटची साठ मापं, तारीख-वेळेसकट. आकडे कमी निघाले तर बाळासो सुटणार होते. जास्त निघाले तर? उद्या बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्या. पंधरा दिवस त्यांनी स्वतःलाच गिऱ्हाइकासारखं परत पाठवलं.

सोळाव्या सकाळी त्यांनी शटर अर्धंच उघडलं. अडत्यांच्या त्या कॅल्क्युलेटरची फिल्म सोडवली, मशिनच्या कोऱ्या काचेपुढं धरली आणि बटण दाबलं. काही नाही. फिल्म हळूहळू फिरवली. एका कोनात आल्यावर आकडे उभे राहिले, काळेभोर. पोरं इतके दिवस आत ताठ उभी राहत होती. बघायला कुणी नव्हतं.

प्रत्येक तारखेला दोन मापं, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं. पहिलं त्यांचं. एकशे तीस, एकशे अठ्ठावीस. दुसरं तिचं. एकशे बहात्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे शहाऐंशी. आदल्या दिवशीचं एकशे अठ्ठ्याण्णव.

शेवटच्या तारखेला एकच माप होतं. सहा वाजून चाळीस मिनिटं. एकशे सव्वीस. ते त्यांचं होतं. त्या दिवशी दुकानाची घाई त्यांनीच केली होती, डबा लवकर मागितला होता. तिचा पट्टा राहून गेला.

बाळासोंनी फिल्म खाली ठेवली. काच पुन्हा कोरी झाली.

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. गडमुडशिंगीचा एक माणूस, हातात पिशवी, पिशवीत बीपीचं मशिन.

"म्हातारीचं हाय, मामा. आकडं अंधुक दिसत्यात. तुमचं नाव ऐकूनच आलोय. काय घाई न्हाय, उद्या दिलं तरी चालंल."

बाळासोंनी शटर पूर्ण वर केलं. डोळे पुसले, चष्मा लावला. आणि आजवर त्या जिन्याखाली कुणी ऐकलं नव्हतं ते बोलले.

"बसा, पावणं. हितंच बसा. हातासरशी घेऊन जायचं."

माणूस दुकानात बसला. दुकान भरलं. बाळासोंनी अडत्यांची फिल्म उचलली आणि त्याच्या म्हातारीच्या मशिनला मापून कापायला घेतली.