दोघांची एकच जबानी

केंब्रिजमधल्या त्या उतारावरची घटना पोलिसातून निवृत्त झाल्यावरही माझ्या मनातून गेलेली नाही.

हिवाळ्यातली दुपार होती. एका बाईंचा फोन आला की समोरच्या घरातल्या आजींना गाडीने उडवलं. आम्ही पोहोचलो तेव्हा आजी बर्फावर बेशुद्ध पडल्या होत्या आणि एक विद्यार्थी आपलं जॅकेट त्यांच्या अंगावर टाकून शेजारी बसला होता. गाडी त्याचीच. तो नाशिकचा निघाला. मी वसईचा, पण गणवेशात असताना गाववाले आठवायचे नसतात, म्हणून मी इंग्रजीतच सुरुवात केली. माझं आडनाव वाचून त्यानेच मराठी काढली.

"सर, त्या आधीच पडल्या होत्या. मी फक्त हेल्प करायला थांबलो. चार्ज लागला तर माझं पीआर, इथे कायम राहायचं, गेलंच. आईला काय सांगू?"

असं सगळेच म्हणतात. फोन करणाऱ्या बाई ठाम होत्या आणि शुद्धीवर आल्यावर आजींना काहीच आठवेना.

मग मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन धर्मप्रचारक ठाण्यात आले. काळे कोट, छातीवर नावाची पट्टी, वय जेमतेम विशीचं. दोघांनी मिळून एकच जबानी लिहून आणली होती, खाली दोघांच्या सह्या. आजी घसरून पडल्या, गाडी नंतर आली, एवढाच मजकूर. मी कागद परत सरकवला. दोघांची मिळून एक जबानी म्हणजे एकाचीही नाही. सरकारी वकील तिला हात लावत नाही.

दोघांतला मोठा दुखावला. "आमच्या धर्मग्रंथाच्या सुरुवातीलाच अशी साक्ष आहे," तो म्हणाला. "ग्रंथ ज्या सोनेरी पत्र्यांवर कोरलेला होता, ते पाहणाऱ्यांनी एकत्र सह्या केल्यात. जितक्या सह्या जास्त, तितकी साक्ष भक्कम ना?"

"आमच्याकडे उलटं असतं. वेगवेगळं बोलावं लागेल."

इथे नवीच अडचण आली. त्यांच्या नियमाप्रमाणे जोडीदाराला नजरेआड होऊ देता येत नाही. शेवटी धाकट्याला काचेचं दार असलेल्या खोलीत घेतलं आणि मोठ्याला बाहेर बाकावर बसवलं. दिसेल, पण ऐकू येणार नाही. धाकट्याने कागदावरचा मजकूर शब्दशः म्हणून दाखवला. दर वाक्याला त्याची नजर काचेकडे जात होती. मी त्याची खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली.

"तू स्वतः काय पाहिलंस?"

त्याने चष्मा काढला. "तोंडावर मफलर होता, वाफेने चष्मा धुरकटला होता. मी काहीच पाहिलं नाही. तो खोटं बोलत नाही, म्हणून सही केली." एवढं बोलून तो रडायला लागला.

मग मोठ्याला आत घेतलं. त्या कागदातून काय गाळलंस, एवढंच विचारलं.

"संत्री," तो म्हणाला. "आजींच्या पिशवीतली संत्री उतारावरून घरंगळली. नंतर गाडी वर चढत आली, एक संत्रं चाकाखाली गेलं. पण ह्याला ते आठवेना, म्हणून दोघांना म्हणता येईल तेवढंच ठेवलं."

मी घटनास्थळाचे फोटो मागवले. आजी पडल्या त्याच्या बऱ्याच खाली, चाकाच्या गोठलेल्या खुणेत चिरडलेलं संत्रं दिसत होतं. गाडी आजींपर्यंत पोहोचण्याआधीच ते तिथे होतं. फोन करणाऱ्या बाईंना पुन्हा विचारलं. किंकाळी ऐकून त्या खिडकीशी आल्या होत्या, धडक त्यांनी पाहिलीच नव्हती. विद्यार्थ्याला सोडलं. त्याने तिथूनच आईला फोन लावला आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जाताना धाकट्याने तो ग्रंथ मला दिला. मी रविवारी चर्चला जाणारा कॅथलिक, तरी साक्षीदारांची ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. त्यांतले काही जण पुढे संस्थापकाशी भांडून पंथाबाहेर पडले, पण पाहिल्याचं त्यांनी नाकारलं नाही. पोलिसाच्या नजरेला ही गोष्ट वजनदार वाटते. पण मजकूर एकच आणि खाली ओळीने सह्या, हे पाहिलं की माझा हात अडतो. त्यातून काय गाळलं गेलं, ते विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

पत्रे होते की नव्हते, मी ठरवू शकत नाही. एकेकाला वेगळं बसवावं, त्याची खुर्ची फिरवावी, असं मात्र वाटतं. "मी तिथे होतो, पण मला दिसलं नाही," असं सांगणारा त्यांच्यात एक जरी भेटला असता, तरी बाकीच्यांवर मी विश्वास ठेवला असता.