केळापूरला अडकलेला घास

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तिच्याकडे काही मागायचं मी सोडून दिलं होतं. आमच्या माहेरच्या रक्तातच एक आजार आहे. मोठ्या आतड्यात बारीक बारीक गाठी येतात, शेकड्यांनी येतात, आणि वेळेवर काढल्या नाहीत तर त्यातल्याच एखादीचा पुढे कॅन्सर होतो. बाबा त्यानेच गेले. तेव्हा आजाराचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढे भावाला तेच निघालं, म्हणून माझी तपासणी झाली, आणि मलाही निघालं. नागपूरला माझं मोठं आतडं काढून टाकलं. हा आजार मुलांत उतरायची शक्यता निम्मी असते, असं डॉक्टर सांगत होते तेव्हा माझी एकुलती मुलगी बाहेरच्या बाकावर बसून शाळेचा अभ्यास करत होती. मला देवीचा राग आला नाही. नुसता थकवा आला.

मुकुटबनला आमची पिठाची गिरणी आहे. गेल्या हिवाळ्यात जेवताना घास छातीत थांबायला लागला. भाकरीचा तुकडा मधल्या हाडामागे येऊन बसायचा आणि पाण्याच्या घोटाने हळूच खाली सरकायचा. छातीत जळजळ तर वर्षानुवर्षं होती. गावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली, जरा बरंही वाटलं. पण ऑपरेशनच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की या आजारात नुसतं खालचं आतडं बघून भागत नाही, वरची वाटही बघत राहावी लागते: अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात. मागच्या खेपेला दुर्बिणीने बघितलं तेव्हा वर सगळं ठीक होतं. पुढची तपासणी उन्हाळ्यात होती. नवरा म्हणाला, लवकर जाऊन येऊ. मी म्हटलं, तुरी निघू द्या. खरं तर तुरीचा काही संबंध नव्हता. अन्ननलिकेचा कॅन्सर झालेली माणसं मी पाहिली होती, आणि ते नाव कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

तशात सासूबाईंनी केळापूरच्या जगदंबेला रोडग्यांचा स्वयंपाक बोलला होता, माझं ऑपरेशन पार पडलं म्हणून. तो फेडायचा राहून गेला होता. एका रविवारी आम्ही सगळे निघालो. देवळाजवळच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजले, वांग्याची भाजी आणि वरण झालं. देवीला नैवेद्य दाखवून पंगत बसली. रोडगा भरपूर तुपात चुरून खायचा असतो. मी तसाच चुरला, पण पहिलाच घास जरा मोठा झाला आणि छातीत जाऊन बसला.

पाणी प्यायले. ते खाली गेलं नाही, तोंडातून परत आलं. आणखी एक घोट घेतला, तोही आला. मग साधी थुंकीही गिळता येईना. नुसती तोंडात येत राहिली. छातीत कुणी मूठ आवळून धरल्यासारखं झालं. भोवती एकच गलका झाला. कुणी पाठीवर बुक्क्या मारत होतं, कुणी केळं खा म्हणत होतं, सासूबाई तांब्या माझ्या ओठांना लावत होत्या. माझी मुलगी समोर उभी राहून नुसती बघत होती.

तेवढ्यात शेजारच्या चुलीजवळची एक बाई उठून आली. साठीच्या आसपासची, कपाळावर गोंदण, हातांत जुन्या धाटणीची जाड कडी. तिने सासूबाईंच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"पानी पाजू नका बाई. वर आलेलं पानी उलटून श्वासात जाते." मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "पोरी, माह्याशी बोल. श्वास घेता येते का?"

"येते," मी म्हटलं.

"मंग घाबरू नको. नरडं बंद नाही झालं तुहं. खालची नळी बंद झाली. थुंकी गिळू नको, थुंकत राह्य. आडवी होऊ नको."

पांढरकवड्याच्या दवाखान्यात आधी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुर्बिणीने घास काढावा लागेल, ती सोय यवतमाळला आहे, उशीर करू नका. नवरा गाडी ठरवायला धावला. एक काळीपिवळी जीप मिळाली. ती बाई आमच्यासोबत पांढरकवड्यापर्यंत आलीच होती. आता ती परत जाईल असं मला वाटलं, पण ती स्टीलचा डबा घेऊन माझ्या बाजूला बसली. सासूबाई म्हणाल्या, "तुमची माणसं वाट पाहतील, तुमचा नैवेद्य राह्यला." ती म्हणाली, "याडी कुठं पळून जाते? पुढच्या खेपेला दाखवीन." तांड्यावरची बंजारा माणसं आईला याडी म्हणतात, आणि देवीलाही.

तो रस्ता मला फार लांब वाटला. दर थोड्या वेळाने मी डब्यात थुंकत होते. ती एका हाताने डबा धरायची, दुसऱ्या हाताने माझी पाठ सरळ ठेवायची. वाटेतलं जोडमोहा गाव आलं तेव्हा छातीत अशी कळ आली की मला वाटलं, आता नळीच फाटते. मी तिचा हात घट्ट धरला. मनातलं एकदम तोंडात आलं.

"मावशी, मले कॅन्सर असन."

नसणार, असं खोटं ती बोलली नाही. म्हणाली, "असन का नसन, ते डॉक्टर पाहीन. तू आता येवढा रस्ता काट."

आयुष्यात मी देवीपुढे कितीतरी स्तोत्रं म्हटली असतील. पण त्या घटकेला त्या एका वाक्याने मला जसं धरलं, तसं कशानेच कधी धरलं नव्हतं. मी डोळे मिटले. पुढचं काहीही माझ्या हातात नव्हतं, आणि ते नसण्याचा पहिल्यांदाच आधार वाटला.

यवतमाळच्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. नवऱ्याने घराण्याच्या आजाराबद्दल सगळं सांगितलं, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घास काढला. नळी खालच्या टोकाला अरुंद झाली होती, तिथलं अस्तर वर्षानुवर्षांच्या आम्लाने बदललं होतं. तिथले तुकडे तपासायला घेतले. मग त्या म्हणाल्या, तुमचा आजार ऐकल्यामुळे मी पुढेही बघून घेतलं. लहान आतड्याच्या सुरुवातीला, पित्ताची नळी उघडते तिथे, एक सपाट गाठ आहे. ती मागच्या तपासणीत नव्हती. तिचा त्रास होत नाही, म्हणून कळतही नाही.

तुकड्यांचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहिता येणार नाही. गिरणीत धान्य ओतताना हात थांबायचे. मुलगी कॉलेजातून आली की आधी माझं तोंड बघायची, मग दप्तर ठेवायची. निकाल आला. अन्ननलिकेत कॅन्सर नव्हता. औषध कायमचं आणि नजर कायमची, एवढंच. ती दुसरी गाठ मात्र बिघडण्याच्या वाटेवर होती, पुरती बिघडली नव्हती. नागपूरला पोट न चिरता, दुर्बिणीतूनच काढली. उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण आत्ता निघाली हे बरं झालं. मीही याहून जास्त काही म्हणत नाही. एक घास अडकला आणि एक गाठ सापडली. कुणी अडकवला, ते ज्याने त्याने मानावं.

बरी झाल्यावर मी त्या बाईंना शोधत गेले. घाटंजीजवळच्या एका तांड्यात त्यांचं घर आहे. नाव झमकीबाई. त्यांनी चहा केला, निववून माझ्या हातात दिला. मी विचारलं, "मावशी, तुमाले कसं माहीत, पानी पाजायचं नाही म्हणून?"

"माह्या माणसाले असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "नळीचा कॅन्सर होता. लई दिवस डबा धरला म्या. थो नाही वाचला."

"गाडीत सांगितलं नाही तुमी."

"कायले सांगू? तुह्या डोळ्यात तेच दिसून राह्यलं होतं." मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "तो गेल्यापासून म्या देवळात पाय ठेवला नव्हता. याडीसंग भांडण होतं माहं. त्या दिवशी सुनेनं जबरदस्तीनं नेलं. म्या बसल्या बसल्या तिले म्हणून राह्यलती, माह्यापासून तुले आता काय पायजे? आन् तुहा घास अडकला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मधेच धरलं.

त्यानंतर मुलीचं रक्त तपासायला दिलं. इतकी वर्षं मी ते टाळत होते. तिच्यासाठी मी काय काय विनवण्या केल्या ते देवीलाच ठाऊक. निकाल आला तो हवा तसा नव्हता. तिलाही आहे. कागद हातात घेऊन मी बसून राहिले. तीच उठून जवळ आली आणि म्हणाली, "मंग बघत राहू न आई. तुहं बघतो तसं माहंही बघू."

परवा नागपूरला तिची पहिली तपासणी झाली. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं, मी हात हलवला आणि दार लागलं. बाकावर बसले. भीती होतीच, ती कुठे जाणार? माझ्या शेजारी एक म्हातारी आपल्या माणसासाठी ताटकळत बसली होती, सारखी दाराकडे बघत होती. मी तिचा हात माझ्या हातात घेतला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आतून नाव पुकारेपर्यंत.