मागून आलेली हाक

स्वारगेटला आईच्या रिक्षाला मागून टेम्पो धडकला, तेव्हापासून तिची मान वळत नव्हती. भरपाई मागायला भीती वाटायची, म्हणून मी आधी कोर्टात नुसता बघायला गेलो. तशीच दुखापत झालेल्या एक बाई साक्ष देत होत्या.

"एक्स-रेत काही नाही. सगळं नाटक आहे," विमा कंपनीचे वकील म्हणाले. बाई परत निघताच त्यांनी मागून हाक मारली, "अहो, पर्स पडली!"

बाई दचकल्या, तरी पावलं टाकत सबंध अंगानेच वळल्या. पर्स खांद्यालाच होती. न्यायाधीश बघत होते.

"आभारी आहे," बाई वकिलांना म्हणाल्या. "डॉक्टरांना जमलं नाही, ते आपण एका हाकेत सिद्ध केलंत."

पुढे निकाल बाईंच्याच बाजूने लागला. त्या दिवशीही मी कोर्टात होतो. बाई रुबाबात जिन्याकडे निघाल्या. मला आईच्या अर्जाबद्दल विचारायचं होतं. मी हाक मारली नाही. धावत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.