दोन लुगड्यांची येळवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घरांना कड्या लागतात आणि सगळं गाव रानात जेवतं. पोटासाठी कुणी सोलापुरात असो की हैदराबादेत, त्या दिवशी त्यानं आपल्या बांधावर हजर असायला हवं. एखादा आला नाही तर लोक वर्षभर विचारतात, “आजारी होता काय?” आणि तो नाही म्हणाला तर पुढं त्याच्याशी फारसं बोलत नाहीत.

लढाईचे दिवस होते. आम्ही नवरा-बायको सोलापुरात राहत होतो आणि हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माझं सासर आणि माहेर मुरुमच्या अलीकडं एकाच गावात, मधे फक्त ओढा. सोलापूर इंग्रजाचं आणि गाव निजामाचं, म्हणून वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा. म्हणजे जकातीची चौकी. परवान्याशिवाय नवं कापड दिसलं की ते नाक्यावरच राहायचं. अंगावरचं वापरलेलं असेल तर मात्र माफ होतं. थोडक्यात, फाटक्या माणसाला निजामाचं राज्य सताड उघडं होतं. इंग्रजाच्या राज्यात कापडाला कंट्रोल आणि निजामाच्या राज्यात कापडच नाही. दोन्ही सरकारांनी मिळून रयतेला उघडं करायचं मनावर घेतलं होतं, आणि कामात कसूर नव्हती.

त्यामुळं येळवस जवळ आली की सोलापुरातली आमच्याकडची माणसं एकाएकी बाळसं धरायची. मोटारीत बघावं तर एरवीचे काटकुळे गिरणीवाले फुगून बसलेले. एका गृहस्थांनी तीन कोट चढवले होते. त्यांचे हात खाली येईनात, म्हणून ते सबंध वाट सभेत आशीर्वाद दिल्यासारखे बसले होते. आमच्या ह्यांनी चार सदरे घातले होते, तेसुद्धा मानपानानं. थोरल्या भावाचा सगळ्यात आत, मग धाकट्याचा, मग मेव्हण्याचा, आणि सगळ्यांवर स्वतःचा जुना. दिवसभर कापड विणणारा माणूस चोरासारखा कापड लपवून घरी निघाला होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मी दोन लुगडी नेसले होते. वर माझं विटकं आणि आत अव्वासाठी घेतलेलं कोरं. अव्वा म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची.

आदल्या वर्षी ती येळवसीला आमच्या रानात आली नव्हती. ताप आहे, असा निरोप आला. मी आंबिलीचं गाडगं घेऊन ओढ्यापलीकडं गेले, तर ताप कुठला? अंग गार होतं. पण मी असेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली. पाणी दे म्हटलं तर म्हणाली, “तूच घे की, हात मोडलेत व्हय तुजे?” शेवटी चुलीतला विस्तव सारायला तिला वळावंच लागलं, तेव्हा मला दिसलं. दोन लुगड्यांचे तुकडे जोडून एक केलं होतं आणि पाठीवर त्याचीही जाळी झाली होती. मी गाडगं चुलीपाशी ठेवलं आणि उठले. परत येताना ओढ्यात उभी राहून मी रडले.

म्हणून या वर्षी ठरवलं होतं, अव्वानं रानात आलंच पाहिजे. कंट्रोलच्या दुकानापुढं तीन दिवस रांगेत उभी राहून मी ते लुगडं मिळवलं होतं. जांभळं, बारीक काठाचं. आता ते नाक्यापार न्यायचं होतं. आणि त्याहून अवघड म्हणजे तिला ते घ्यायला लावायचं होतं. कारण लेकीच्या घरचं आईनं घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा निजामापेक्षा जुना.

अडचण एकच होती. कोऱ्या लुगड्याला खळ असते. मी पाऊल टाकलं की आतून खळखळ आवाज यायचा. मोटारीत चढतानाच शेजारची बाई हसून म्हणाली, “बाई, हळू चाला, लुगडं बोलायलंय.”

नाका आला. तिथला नाकेदार रुमी टोपीवाला, वयस्क, बोलायला फार मऊ. त्यानं कुणाची झडती घेतली नाही, गाठोडी सोडली नाहीत. सगळ्यांना खाली उतरवलं, उन्हात ओळीनं बसवलं आणि म्हणाला, “बैठो बाबा. मैं चाय पीके आता.” आणि लिंबाच्या सावलीत खाटेवर जाऊन बसला.

थंडीचे दिवस असले तरी आमच्याकडं अकरानंतरचं ऊन चटके देतं. हे नाकेदाराला चांगलं ठाऊक होतं. त्याचा चहा काही संपेना. इकडं तीन कोटवाल्यांच्या नाकावरून घाम टपटपायला लागला, त्यांनी पहिला कोट काढला. त्यांचं बघून आमच्या ह्यांनी वरचा सदरा काढला आणि त्यानंच वारा घ्यायला लागले. थोड्या वेळानं दुसरा काढला. मी डोळे वटारत होते, पण माणसाला गार वाटायला लागलं की बायको दिसत नाही. तिसऱ्याची बटणं सोडताना वर बघतात तो नाकेदार पुढं उभा.

“और कित्ते हैं अंदर?” तो म्हणाला. “आदमी है की प्याज?”

ह्यांचे दोन सदरे, गृहस्थांचे दोन कोट आणि बाकीच्यांचं काय काय, असा ढीग खाटेवर लागला. मग तो बायकांच्या ओळीकडं आला. मला म्हणाला, “माई, जरा चलके दिखाव.”

मी उठले. चार पावलं टाकली आणि आवाज आला नाही. तास-दीड तासाच्या घामानं खळ पार विरघळली होती आणि लुगडं अंगाला चिकटलं होतं. ज्यानं पकडायला उन्हात बसवलं, त्यानंच माझं लुगडं जुनं करून दिलं होतं. काठ खालून दिसत होता, तो त्यानं बघितला.

“नवा है क्या?”

“न्हाय, साहेब. नेसलेलं हाय.”

त्यानं कपाळावरून निथळणारा माझा घाम बघितला आणि हात हलवून जा म्हणाला. पुढं गावापर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. दोन सदरे गमावल्याचा राग माझ्या लुगड्यावर होता.

संध्याकाळी ओढा ओलांडून मी दुसऱ्या नाक्यावर गेले. अव्वा भिंतीला पाठ लावून बसली होती. मी लुगडं पुढं ठेवलं. तिनं हात मागं घेतला.

“लेकीचं घेत्यात व्हय? लोक काय म्हणतील?” मग हळूच विचारलं, “कोरं हाय?”

“न्हाय, अव्वा. नेसलेलं हाय. नाक्यावरच्या साहेबानंबी बघितलंय.”

तिनं ते उचललं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं.

“घामाचा वास हाय खरा,” म्हणाली. “धुवायला ठिऊन जा मग.”

दुसऱ्या दिवशी रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं बायका भाज्या-डाळींची भज्जी ढवळत असताना अव्वा बांधावरून येताना दिसली. धुतलेलं जांभळं लुगडं नेसून. कुणीतरी विचारलंच, “नवं वाटतं?”

“न्हाय बाई, लेकीचं हाय,” अव्वा म्हणाली. “धुवायला घेतलंय. वाळवाया म्हणून अंगावर टाकलंय.”

आणि कोपीत पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना हळदकुंकू लागलं तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं, साऱ्या गावाकडं पाठ करून बसली. मला त्या पाठीवरून नजर काढवेना.

पुढं निजाम गेला, नाकाही गेला. तरी मी दर येळवसीला मोटारीत दोन लुगडी नेसूनच चढायचे. हे म्हणायचे, “आता कुणाला भितीस?” अव्वा दर वर्षी विचारायची, “कोरं हाय?” आणि मी न्हाय म्हणायचे. एवढं झालं की ती धुवायला ठेवून घ्यायची.

ती गेली त्या वर्षी मी एकच लुगडं नेसून निघाले. मोटारीत फार थंडी वाजली.