शिडीवाल्या ताईंना नऊ

त्या चहा अर्धाच मागत. तो संपला की उरलेला अर्धा मागत. कप पूर्णच होई, पण पूर्ण कप मागितल्याचा आळ येत नसे.

पेन कानावर ठेवत आणि पर्समध्ये शोधत.

कोणाच्याही घरात शिरल्या की आधी छताकडे बघत, मग माणसांकडे. "गळतंय का ते आधी कळावं. माणूस काय, बोलला की कळतोच."

वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याला त्या 'साहेब' म्हणत. त्यामुळे ऑफिसात साहेबांना 'साहेब' म्हणताना त्यांना हसू येई. साहेबांना वाटे, बाई हसतमुख आहेत.

चपला काढताना त्यांची टोकं बाहेरच्या दिशेने ठेवत. निघताना गुडघ्यांचं एक वळण वाचतं, असा हिशेब होता.

'गरीब' हा शब्द कोणाच्या घरात वापरत नसत. आमच्या अहवालात मात्र तो पानोपानी असे. तो थोडा कमी करणं हे माझं काम होतं.

मी साहित्यात एम.ए. आहे. हे मी मुलाखतीत सांगितलं तेव्हा साहेबांनी दाराकडे पाहिलं. मी चुकून आत आलोय असं त्यांना वाटलं असावं. "मग इथे काय करणार तुम्ही?" ते म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या ताई म्हणाल्या, "वाक्यं करेल की. आपल्या अहवालात सगळं असतं, वाक्यं तेवढी नसतात." माझी नोकरी अशी लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'कविराज' म्हटलं. मी कविता सोडली होती, किंवा कवितेने मला. पण नाव चिकटलं.

आमची संस्था हातावर पोट असलेल्या कुटुंबांची पाहणी करते. लोक कसे राहतात, काय खातात, आजारी पडले की कोणाकडे धावतात. आणि शेवटी, त्यांचं बरं चाललंय का. ताई म्हणत, हा शेवटचा प्रश्न हेच आपलं काम, बाकी सगळं फर्निचर.

त्या प्रश्नासाठी त्यांच्याकडे एक पुठ्ठा होता. त्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढलेली. सगळ्यात वरची पायरी म्हणजे याहून चांगलं आयुष्य नाही, सगळ्यात खालची म्हणजे याहून वाईट नाही. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? लोक बोट ठेवत. पुठ्ठ्यामुळे वस्तीत त्यांचं नाव पडलं होतं, शिडीवाल्या ताई. लहान पोरं तर त्या भिंती रंगवायला येतात असंच समजत.

वस्ती मोठ्या धुलाई कारखान्याच्या मागे होती. तीन मजली इमारती, एका मजल्याला एक नळ, एका खोलीत एक घर. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जात. बायका उजाडताना कामावर जात आणि हाताला साबणाचा वास घेऊन परत येत. त्यांची पोरं दिवसभर आमच्या संस्थेच्या पाळणाघरात असत. पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, काही गाद्या आणि एक काकू, जिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई.

यंदा निधी देणाऱ्यांनी विचारलं, या पाळणाघराची अजून गरज आहे का? वस्तीची पाहणी करा. लोकांचं बरं चाललं असेल तर पैसा दुसरीकडे वळवू.

ताईंनी पाहणी केली. घरोघर गेल्या, जिने चढल्या, पुठ्ठा पुढे केला. आकडे आले. आठ, नऊ, आठ, नऊ, नऊ. मी ते संगणकात भरत होतो आणि मला वस्तीचा हेवा वाटत होता. स्वतःला मी चारवर धरून चाललो होतो.

ताईंनी ऑफिसात बिस्किटं वाटली.

"उत्तम," साहेब म्हणाले. "म्हणजे तिथलं आपलं काम झालं. पाळणाघर बंद करायला हरकत नाही."

ताईंच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर कारखान्याच्या इस्त्री खात्यात काम करणारी एक बाई राहायची. तिची दोन्ही पोरं पाळणाघरात. भिंतीला ओल होती, ती जुन्या कॅलेंडरच्या पानांनी झाकलेली. पलंगाच्या पायांखाली विटा. हिने नऊ सांगितले होते.

"काय गं, नऊ?" ताईंनी विचारलं. "खरंच नऊ?"

"का? कमी पडले?"

"कोणाला कमी पडले?"

"तुम्हाला. शेजारचीने आठ दिले म्हणाली, तेव्हा म्हटलं आपण नऊ देऊ. दहाच देणार होते, पण उगाच कोणाला संशय यायचा."

ताई खाली बसल्या. "अगं बाई, ते मार्क माझे नव्हते. तुझं कसं चाललंय ते विचारत होते मी."

"माझं?" इस्त्रीवाली हसायला लागली. "माझ्या चालण्याला मार्क कोण देतंय? कागद तुमचा, पुठ्ठा तुमचा, तीन जिने चढून तुम्ही आलात. म्हटलं ऑफिसवाले विचारत असतील, बाई नीट येते का, नीट बोलते का. तुमची नोकरी जायला नको."

"बरं. मग तुझे किती?"

"आता तोंडावर कसं सांगू? तुम्ही धापा टाकत वर यायचं आणि मी दोन म्हणायचं?"

"दोन?"

"असंच आपलं म्हटलं हो. चहा घ्या. अर्धाच ना?"

जिना उतरताना ताई एका पायरीवर थांबल्या. मग म्हणाल्या, "कविराज, मला वाटत होतं मी लोकांची परिस्थिती मोजतेय. मी घरोघर हिंडून माझं प्रगतिपुस्तक भरत होते. आणि बघ ना, कशी पहिली आले."

घरी जाऊन त्यांनी यजमानांनाही तोच प्रश्न विचारला. यजमान घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावूनच ते म्हणाले, "तू विचारतेस म्हणून आठ. दुसरं कोणी विचारलं असतं तर सात." ताईंनी हे मला सकाळी सांगितलं. "इतकी वर्षं संसार केला रे. एक पायरी निव्वळ भिडेची निघाली."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पुन्हा पाहणी करायची तर करा. पण पुढच्या महिन्यात निधी देणाऱ्यांची बैठक आहे. तोवर नवे आकडे आले नाहीत तर मी आहेत तेच ठेवणार. आणि आहेत त्या आकड्यांनी पाळणाघर बंद होतंय."

आता ताईंनी जाऊन उपयोग नव्हता. त्या गेल्या की नऊ पडणार. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू जा."

"मी?"

"तुला तिथे कोणी फारसं ओळखत नाही. आणि ओळखलं तरी चटकन माया वाटावी असं तुझ्यात काही नाही. अशा कामाला असाच माणूस लागतो."

मी हे कौतुक समजलो. आजही समजतो. माझ्याकडे कौतुकाचा साठा कमी आहे.

पुठ्ठा घेऊन मी निघालो. प्रश्न नीट विचारावा म्हणून मी तो जरा सजवला. "आयुष्याच्या या शिडीवर आपण स्वतःला कुठे पाहता?" असं विचारू लागलो. एका बाईने दार लावून घेतलं. दुसरीने विचारलं, शिडी केवढ्याला? पण आकडे मिळाले. तीन, दोन, एक, दोन. मी विजयी मुद्रेने ऑफिसात आलो.

ताईंनी आकडे पाहिले, मग मला पाहिलं. "हे त्यांचे, की तुझे?"

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. शेवटच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहत. ते पुठ्ठ्याची खोकी चिकटवत. लेक आणि जावई दुसरीकडे कामाला होते, चार वर्षांची नात आजोबांकडे असे. दिवसा ती पाळणाघरात जाई, तेव्हाच खोकी होत. त्यांनी मला दोन सांगितले होते. मी परत गेलो.

"आजोबा, परवा दोन म्हणालात. ते तुमच्या आयुष्याला, की मला?"

त्यांनी ब्रश डिंकात बुडवला, विचार केला. "दोघांना," ते म्हणाले.

हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. हसता हसता थांबल्या. "अरे, मग आधी आपले मार्क संपवून टाकू ना," त्या म्हणाल्या. "लोकांना ते द्यायचेच आहेत. दिल्याशिवाय त्यांचा जीव मोकळा होणार नाही. एकदा देऊन टाकू दे. मग त्यांचं विचारू."

आम्ही दोघं पुन्हा इस्त्रीवालीकडे गेलो.

"पहिलं हे सांग," ताई म्हणाल्या, "मला किती?"

"दहा!"

"आणि ह्याला?"

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चार. परवा बूट घालून आत आला होता."

ताईंनी मला ते लिहून घ्यायला लावलं. मी लिहिलं. चारच, म्हणजे माझा स्वतःबद्दलचा अंदाज बरोबर होता.

"झालं. आता मी संपले, हाही संपला. आता फक्त तू राहिलीस."

इस्त्रीवाली पुठ्ठ्याकडे बघत राहिली. बाहेर नळावर कोणाची तरी बादली भरत होती. ती भरून वाहू लागली. मग तिने बोट ठेवलं.

"तीन," ती म्हणाली. "पोरं खाली काकूंकडे आहेत म्हणून तीन. ती घरात असती तर मला कामावर जाता आलं नसतं. मग ही शिडी नको, दोरी आणा."

"गप गं," ताई म्हणाल्या. पण तिचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

ही रीत चालली. ताई पुढे, मी मागे. आधी ताईंना दहा, मग मला तीन किंवा चार, मग शांतता, मग खरं. एका घरात मला सहा मिळाले, तेव्हा ताई म्हणाल्या, "सावध राहा, लोकांना तू आवडायला लागलास. आता तुझाही उपयोग संपत आला." आकडे तीन-चारच्या आसपास येऊ लागले. पाळणाघर नसतं तर किती, हेही ताई विचारू लागल्या. लोक एक-दोन पायऱ्या उतरून दाखवत. इमारतीमागून इमारत होत गेली. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात एकच इमारत उरली होती, आजोबांची.

सकाळची वेळ होती. आजोबा दारातच खोकी चिकटवत बसले होते. ताईंनी पुठ्ठा पुढे केला.

"मला किती, दादा?"

"दहा. लिहा."

"ह्याला?"

"दोन. ते मी बदलत नाही."

"आणि तुमचं?"

आजोबा थांबले. "हे काय असं एकदम सांगायचं असतं का? वरची घरं करून या. तोवर मी विचार करतो."

"बरं. उतरताना घेते," ताई म्हणाल्या.

जिन्यात मी पुढे होतो. मी काहीतरी बोलत होतो. बहुधा अहवालाच्या पहिल्या वाक्याबद्दल. ते मला सुचलं होतं आणि फार आवडलं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं, मागून 'हं' येत नाहीये. ताई वळणावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मी म्हटलं, "दमलात का?" एवढंच म्हटलं. एम.ए. झालेल्या माणसाला त्या वेळी एवढंच सुचलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. मलाही अजून नीट कळलेलं नाही.

त्यांच्या यजमानांना फोन मीच केला. त्यांनी विचारलं, "वर पोचली होती का?"

मी म्हटलं, नाही.

"मग चिडली असेल," ते म्हणाले.

बैठक झाली. साहेबांनी नवे आकडे ठेवले, आणि जुने का चुकले तेही स्वतःच सांगितलं. ते सांगताना मध्येच थांबून त्यांनी पाणी मागितलं. पाळणाघर पुढच्या बैठकीपर्यंत चालू राहील असं ठरलं. तोवर राहिलेली इमारत पूर्ण करा, म्हणाले.

वरची घरं मी केली. लोकांनी आधी ताईंना दहा दिले. मी विचारलं नव्हतं. ते दिल्याशिवाय कोणी पुढे बोलेना. म्हणून मी तेही लिहून घेतलं.

आजोबांकडे तीनदा जाऊन आलो. परवा गेलो तेव्हा नात गादीवर झोपली होती. तिला ताप होता, म्हणून पाळणाघरात गेली नव्हती. एकही खोकं झालेलं नव्हतं.

"आजोबा, तुमचं तेवढं राहिलंय."

"माहीत आहे."

"सांगता का?"

"त्यांनी विचारलं होतं. तुला सांगितलं तर ते तुझ्याकडे जमा होईल." त्यांनी नातीच्या कपाळावरची पट्टी बदलली. "विचार झालाय माझा. पण बस जरा."

मी बूट काढून बसलो. पोर उठली, पाणी प्यायली, पुन्हा झोपली. पाळणाघरातून काकूंचा आवाज येत होता. ऊन दारातून सरकून जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेलं, तेव्हा मी उठलो.

त्या घरासमोर ताईंचे दहा आहेत. माझे दोन आहेत. आजोबांचा रकाना कोरा आहे. तो ताई उतरताना घेणार होत्या.