बुटाची अक्षरं

बाबांच्या छापखान्यात एका कपाटात जाड लाकडी अक्षरं होती. प्रत्येक काना खाली येऊन चौकोनी टाचेवर उभा राहायचा. बाबा त्यांना बुटाची अक्षरं म्हणत. कुस्त्यांचे फड, कापडाचे सेल, जत्रेतली सर्कस, सगळ्यांच्या जाहिराती याच अक्षरांत. छापखान्याची पाटीसुद्धा. निधनाच्या पत्राला मात्र त्यांनी ती कधी लावली नाहीत. सुतकाच्या घरात कुणी बूट वाजवत जात नाही, असं म्हणायचे आणि छपाईच्या बारीक अक्षरांच्या खिळ्यांचा खण ओढायचे.

बाबा गेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकावरून दादाचं आणि माझं द्वारका चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानातच वाजलं. दशक्रिया दोन दिवसांवर आली होती. बाबांची माणसं म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं. सायखेड्याची, देवळाली कॅम्पातली, पेठ गावाकडची. कुणाचाच पत्ता आमच्याकडे नव्हता. फलक वाचला तरच ती घाटावर येणार होती.

दुकानदाराने संगणकावर जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखं एक जाड अक्षर काढलं. हल्ली कॅफेच्या पाट्यांवर, मसाल्याच्या पाकिटांवर तेच दिसतं. टाचा अगदी तशाच.

"हेच लावा," दादा म्हणाला. "आपल्या पाटीसारखं आहे. लोक बाबांना पाटीवरून ओळखतात."

"निधनाला नाही," मी म्हणाले. "बारीकच लावा. बाबांनी स्वतः कधी..."

"तुझं बारीक अक्षर वाचायला चष्मा आणि खुर्ची लागते. ही द्वारका आहे, वाचनालय नाही."

मी हटले नाही. दादा गाडीला किक मारून निघून गेला. फलक माझ्या मनासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो द्वारका चौकात, छापखान्यासमोरच्या खांबांना बांधला. दुसरा नीट फोटो नव्हता म्हणून बाबांचा तरुणपणचा, काळ्याभोर केसांचा लावला होता. मी शटरच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले. सिग्नलला गाड्या थांबत, सुटत. मान वर करून कुणी बघत होतं, पण वाचल्यासारखे ओठ हलताना दिसत नव्हते. ऊन चढलं तरी कुणी थांबून वाचलं नाही.

दुपारी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. फलकाखालूनच वाकून आले आणि पाटीकडे बघत त्यांनी शटर वाजवलं.

"ताई, बंद का हाय? सायखेड्याहून आलोय. पोरीची पत्रिका छापायचीय. थोरलीची यांनीच केली व्हती."

मी फलकाकडे बोट केलं. ते मागे सरकले, डोळे बारीक केले, खांबापर्यंत जाऊन अक्षर अक्षर लावून वाचलं. मग टोपी काढली.

"मी याच्याच खालून आलो की वं," ते म्हणाले. पत्रिकेचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. "उद्या घाटावर किती वाजता?"

वेळ फलकावर होती. तीही मला सांगावी लागली.

ते गेल्यावर मी दादाला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"संध्याकाळच्या आत दुसरा करून मिळेल का? जाड अक्षरात?"

तो टोमणा मारील असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "टाच किती ठेवायला सांगू?"

"कुस्त्यांच्या जाहिरातीला बाबा ठेवायचे तेवढी," मी म्हणाले आणि पहिल्या फलकाच्या गाठी सोडायला उठले.